पिस्तूल रिकामं आहे, असं तो म्हणाला

डेलियानं पत्र माझ्या ताटाशेजारी टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, याला उत्तर तुम्हीच लिहा. आता येतं ना तुम्हाला."

पत्र तिच्या बापाचं होतं, वेंडलचं. डेलियाची शाळा त्या महिन्यात संपत होती. फुटबॉलच्या मैदानावर मुलांना नाव पुकारून दाखले देतात आणि प्रत्येक मुलाच्या माणसांना पुढं दोन खुर्च्या मिळतात. वेंडलनं लिहिलं होतं की मला खुर्ची नको, मी कुंपणापाशी उभा राहीन. फक्त तू ये म्हण. तू म्हटलं नाहीस तर मी डेटनहून निघणार नाही.

"काय लिहू?" मी विचारलं.

"नाही म्हणून लिहा. फार शाई लागायची नाही."

"तूच लिही की."

"माझ्या आईला मारणाऱ्या माणसाला मी पत्रं लिहीत नसते." तिनं मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्यात बुडवला. "सोमवारपर्यंत टपालात पडलं पाहिजे, आजोबा. तुमच्यासारखं आठ दिवस घोळत बसू नका."

तिला जे माहीत होतं त्याप्रमाणे तिचं बरोबरच होतं. घरात आम्ही त्यावर बोलत नसू, पण तिनं बाहेर ऐकलं होतं की बापानं काढून ठेवलेलं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, चेष्टेचेष्टेत पुन्हा पिस्तुलात घातलं आणि चाप ओढला. शेरीफच्या कागदात तसंच लिहिलेलं आहे. त्या कागदाखाली माझी सही आहे. आणि तो कागद खोटा आहे हे मला माहीत होऊन, वेंडलचं हे पत्र आलं तेव्हा, दोन वर्षं झाली होती. मी तिला सांगितलं नव्हतं. बायको गेली, मुलगी गेली, घरात ही एकच राहिली होती. सांगितलं तर हीही उठून जाईल, एवढीच भीती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीच्या एका रविवारची.

आमच्या इकडे होबार्टला सगळे मामा म्हणत. माझ्या बायकोचा, इमाचा, तो थोरला भाऊ. चर्चच्या तळघरात तो पंधरा वर्षं पिस्तुलाचा वर्ग घ्यायचा. अर्ध्या तालुक्यानं पिस्तूल कसं बाळगावं हे त्याच्याकडून शिकून घेतलं होतं. माझा जावई वेंडल ओहायोचा, म्हणजे आमच्या लेखी परराज्यातला, पण लग्न होऊन इकडे आल्यावर तोही त्या वर्गाला बसला. होबार्टचा एक नियम सगळ्यांना पाठ होता. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना आधी मॅगझिन काढायचं. मग वरचा भाग मागं ओढून धरायचा आणि नळीच्या मुळाशी बोट घालून बघायचं. मग घेणाऱ्यानंही बघायचं, बोट घालायचं आणि "दिसलं" म्हणायचं. तो दिसलं म्हणेपर्यंत देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. याचं कारण साधं आहे. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं पिस्तूल रिकामं झालं. पण एक काडतूस आधीच नळीत चढून बसलेलं असू शकतं.

नियम चांगला होता. पण तो तळघरात चालायचा. जिना चढून वर आलं की आमच्यात दुसरा नियम. वडीलधारा माणूस रिकामं आहे म्हणाला की ते रिकामं. त्याच्यासमोर पुन्हा उघडून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणं. याहून लहान कारणावरून आमच्याकडे सख्ख्या भावांनी एकमेकांच्या मयताला जायचं टाकलं आहे.

मी स्वतः चाळीस वर्षं लाकूड कापायच्या गिरणीत काढली. आरा बंद केलाय असं दुसऱ्यानं कितीही शपथेवर सांगितलं तरी मी स्वतः जाऊन खटका बघितल्याशिवाय पात्याला कधी हात लावला नाही. म्हणून माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. हे मी का सांगतो आहे ते पुढं कळेल.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला आले. जेवण झालं, आम्ही तिघं पुरुष ओसरीवर बसलो. होबार्टनं नवीन पिस्तूल घेतलं होतं, ते कमरेचं काढलं. कुणाच्या तरी गाढवाची गोष्ट सांगत होता. सांगता सांगता त्यानं मॅगझिन काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. वरचा भाग ओढला नाही. मी समोरच बसलो होतो, मला दिसलं. पण पंधरा वर्षं शिकवणाऱ्याला मी काय सांगणार?

"वेंडल, चाप बघ याचा," होबार्ट म्हणाला. "लोण्यात सुरी. ओढून बघ, रिकामं आहे."

वेंडलनं घेतलं. तोंड जमिनीकडे धरलं आणि शिकवल्याप्रमाणे त्याचा हात वरच्या भागाकडे गेला, मागं ओढून बघायला.

"अरे, कुणाचं पिस्तूल तपासतोस?" मी म्हणालो. "उद्या पाद्रीबाबाला विचारशील, तुम्हाला बायबल वाचता येतं का म्हणून!"

होबार्ट मांडीवर थाप मारून हसला. "ओहायोचा आहे तो, आर्लिस. तिकडं बायकोनं वाढलेलं ताटसुद्धा आधी हुंगून बघतात."

आतून माझी मुलगी रोडा ओरडली, "बाबा, छळू नका हं त्याला! केक कापतेय, हात धुऊन या सगळे."

वेंडलचे कान लाल झाले. "नाही हो मामा, सवय आपली," असं म्हणून त्यानं हात खाली घेतला. मग आम्हा दोघांपासून पिस्तुलाचं तोंड फिरवून भिंतीकडे केलं. त्याच्या हातून त्या दिवशी घडलेली तेवढीच एक बरोबर गोष्ट. पण भिंत म्हणजे काय, पाऊण इंचाची फळी. मीच गिरणीत कापून आणलेली.

आवाज झाला. मग आत ताट फुटलं.

गोळी रोडाच्या गळ्याखाली लागली होती. डेलिया तेव्हा सहा वर्षांची, टेबलापाशी उभी राहून केकच्या थरांतलं सफरचंद चमच्यानं चाटत होती. गावाकडून रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. रोडा तेवढी थांबली नाही. वेंडल तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य बोलत होता, "रिकामं होतं. रिकामं होतं. रिकामं होतं."

मी ओसरीवर आलो तेव्हा पिस्तूल बाकावर पडलं होतं आणि मॅगझिन त्यात होतं. होबार्ट पायरीवर पाठ करून बसला होता. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, डोक्यात शिरलं नाही. खरं म्हणजे मी शिरू दिलं नाही.

शेरीफचा माणूस गार्नेट आला. तोही होबार्टच्याच वर्गातला. त्यानं आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं. मी सांगितलं, पिस्तूल होबार्टचं, त्यानं वेंडलच्या हातात दिलं, वेंडलनं चाप ओढला. माझी ती थट्टा मी सांगितली नाही. गार्नेट लिहीत गेला. मग कागद माझ्यापुढं धरला.

"वाचून बघा, आर्लिसकाका, आणि खाली सही करा."

मला वाचता येत नव्हतं. नाव काढता यायचं, तेही चित्र काढावं तसं. हे इमाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. घरातले सगळे कागद तीच बघायची आणि त्या वेळी ती आत रोडापाशी बसली होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गिरणीचा मुकादम, त्या पोराला कसं सांगू? मी कागद हातात घेतला. इमा वर्तमानपत्र वाचताना जशी नजर फिरवायची तशी ओळीओळीवरून फिरवली. खाली पोचल्यावर जरा थांबलो, वाचणारा थांबेल तेवढा.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि नाव काढलं.

पुढं सगळं लवकर आटोपलं. वेंडलला सरकारी वकील मिळाला होता. त्यानं सांगितलं, तुझ्या सासऱ्याचीच सही आहे, पंच तुझं ऐकणार नाहीत, कबूल कर म्हणजे कमी होईल. वेंडलनं कबूल केलं. कबुली दिल्यावर कुणी कागद मोठ्यानं वाचत बसत नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. नेताना त्यानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, खाली मान घालायची तर हा वर बघतो आहे, केवढा निर्लज्ज! त्या आठवड्याचं वर्तमानपत्र इमानं मला वाचून दाखवलं नाही, चुलीत घातलं. मीही वाच म्हटलं नाही. मला कुणावर तरी राग हवाच होता आणि तो ओहायोचा होता.

भिंतीतल्या भोकात मी लाकडाची खुंटी ठोकली, घासली आणि वरून रंग दिला.

होबार्टचा वर्ग बंद पडेल असं वाटलं होतं. उलट वाढला. शेजारच्या तालुक्यांतून माणसं येऊ लागली. तो रोडाची गोष्ट सांगायचा. नावं घ्यायचा नाही, पण सगळ्यांना कळायचं. बायका डोळे पुसायच्या. परत येऊन मला सांगायच्या, "तुमच्या मेव्हण्यानं काय समजावून सांगितलं हो! त्या पोरानं थोडं जरी ऐकलं असतं!"

आठ वर्षांनी इमा गेली. मग घरात कागद साचायला लागले. त्यांत वेंडलचे डेलियाला येणारे वाढदिवसाचे लखोटे होते. तो साडेपाच वर्षांनी सुटून ओहायोत, डेटनला परत गेला होता. डेलिया ते न फोडता बुटांच्या खोक्यात टाकायची. मला वाटायचं, हा माणूस लिहितो तरी काय? आणि विजेच्या खात्याचं पत्र कुठलं आणि औषधाचं कुठलं हेही मला कळत नव्हतं. शेवटी मी लाज गिळली आणि गावच्या वाचनालयात फ्यूगेटबाईंकडे गेलो. सदुसष्टाव्या वर्षी.

"कशासाठी शिकायचंय, आर्लिस?" त्यांनी विचारलं.

"औषधाच्या बाटल्यांसाठी," मी म्हणालो.

वर्षभरानं मी तो पहिला लखोटा फोडला. चार ओळी होत्या. शेवटची ओळ अशी: मॅगझिन मी घातलं नव्हतं बेटा, मोठी झालीस की आजोबांना विचार.

मला कळेना हा काय मॅगझिनचं लिहितो आहे. ते तर होबार्टच्या खिशात होतं. मग कोर्टात जाऊन अर्ज केला आणि माझाच कागद मागितला. तिथल्या बाईनं बाकावर बसायला सांगितलं. एक पान वाचायला मला तास लागला. "सदर वेंडल याने मॅगझिन पुन्हा पिस्तुलात घातल्याचे मी पाहिले." खाली माझं नाव, चित्रासारखं.

मी गाडी थेट चर्चवर नेली. होबार्टचा वर्ग सुटत होता. मी मागच्या खुर्चीवर बसलो आणि माझ्याच मुलीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. माणसं गेल्यावर तो खुर्च्या मिटू लागला. पंच्याहत्तर वर्षांचा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू दिसत होता.

"होबार्ट, मॅगझिन तुझ्या खिशात होतं."

त्यानं एक खुर्ची मिटली. मग म्हणाला, "होतं."

"मग कागदावर काय आहे?"

"कागदावर तू सही केलेलं आहे, आर्लिस." तो भिंतीला टेकला. "मॅगझिन मीच परत बसवलं आणि गार्नेटला वेंडलचं नाव सांगितलं. तोंडातून निघून गेलं, आणि गेल्यावर परत घेता येईना. त्यानं तेच तुझ्याही कागदात उतरवलं. मला वाटलं, तू सही करणार नाहीस, संध्याकाळपर्यंत सगळं उघडं पडेल. पण तू केलीस. मला वाटलं, घरातल्या माणसासाठी तू पोटात घातलंस. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझे पाय धरतो आहे."

"मला वाचता येत नव्हतं."

तो हसला. "काहीतरीच! चर्चमध्ये पुस्तक उघडून गातोस की."

"पाठ आहेत मला."

मग त्याचं हसणं थांबलं.

"माझ्याबरोबर शेरीफकडे चल," मी म्हणालो.

"आता जाऊन काय? वेंडल सुटला. रोडा येणार नाही. माझं मात्र सगळं जाईल. आणि मी शिकवतो ते खोटं नाही ना? माणसं वाचतात त्यानं."

"तुझं चुकलं हे सांगितलंस तर आणखी वाचतील."

"तू तुझं सांगितलंस?" तो म्हणाला. "पाद्रीबाबाला बायबल वाचता येतं का? मला अजून शब्द न् शब्द आठवतो. मी तर हसलो फक्त."

तो उरलेल्या खुर्च्या मिटत राहिला आणि मी निघून आलो. त्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. तळघराच्या दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी लावली आहे. मी एकटाच सरकारी वकिलाच्या कचेरीत गेलो होतो, पण तिथल्या तरुण बाईनं सांगितलं की कबुली आरोपीनं दिली, शिक्षा भोगून झाली, सांगणारा वारला, आता स्वतःचा वकील करा. फार गोड बोलली. तिचंही बरोबर असेल.

म्हणजे तो कागद खोटा आहे हे आता ज्याला कळून उपयोग होता असं माणूस एकच उरलं होतं, आणि ते माझ्या घरात माझ्यासमोर बसून जेवत होतं. तरी मी दोन वर्षं गप्प राहिलो. आता मात्र मला त्या माणसाला स्वतःच्या हातानं नाही म्हणून लिहायचं होतं. खोट्या कागदाखाली एक सही न वाचता केली होती. दुसरी वाचून करायची होती.

मी चार दिवस घेतले. पत्र वेंडलला लिहिलं नाही, डेलियाला लिहिलं. खिशातलं मॅगझिन लिहिलं, माझी थट्टा शब्दशः लिहिली, गार्नेटपुढं केलेलं सोंग लिहिलं, होबार्टचं बोलणं लिहिलं, आणि ही दोन वर्षंही लिहिली. रविवारी सकाळी तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे काय? त्याला पाठवायचं ना?"

"आधी तू वाच."

मला चार दिवस लागले ते तिनं दोन मिनिटांत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, या खेपेला बोट ठेवून. मी उभाच होतो.

"मॅगझिन होबार्टमामांच्या खिशात होतं?"

"हो."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो."

"आणि बाबा बघायला निघाले होते. तुम्ही हसलात म्हणून थांबले."

"हो."

"तुम्ही हे मला कधी सांगणार होता? मी म्हातारी झाल्यावर?"

ती उठली, सुरी घेतली आणि ओसरीवर गेली. "कुठं आहे ते भोक?" मी दाखवलं. तिनं रंग खरवडला, सुरीच्या टोकानं खुंटी उकरून काढली, भोकात बोट घातलं. मग वाकून डोळा लावला.

"इथून टेबल दिसतं," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती बुटांचं खोकं आणि कपड्यांची पिशवी घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना सुरी धुऊन जागेवर ठेवली.

दाखल्यांच्या दिवशी पुढच्या एका खुर्चीवर वेंडल बसला होता आणि दुसरीवर त्याची बहीण. मी कुंपणापाशी उभा राहिलो. डेलियाचं नाव पुकारलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण तिथून त्या तिला ऐकू गेल्या नसतील.

संपल्यावर वेंडल कुंपणाकडे आला. केस सगळे पांढरे झाले होते. चाळिशीतला माणूस.

"ती म्हणते, तुम्हाला वाचता येत नव्हतं."

"नव्हतं."

"मी तुरुंगात रोज विचार करायचो, या माणसाचं मी काय वाकडं केलं होतं. एवढा कसला डूख धरला होता यांनी माझ्यावर."

"कसलाच नाही."

त्यानं मान हलवली. "डूख असता तर बरं झालं असतं. काहीतरी कारण तरी झालं असतं."

मी म्हणालो, "मी हसलो नसतो तर तू उघडून बघितलं असतंस."

"हो," तो म्हणाला. "आणि तुम्ही हसलात तरी मी बघायला हवं होतं. माझ्या हातात होतं ते."

एवढं बोलून तो गेला. डेलिया गाडीपाशी थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात केला नाही, पण पाहिलं. मग आत बापाशेजारी बसली आणि वाकून त्याच्या छातीवरून सीटचा पट्टा ओढला, खटका बसला का ते हिसका देऊन बघितलं. त्यानंही तिचा पट्टा तसाच ओढून पाहिला. मग गाडी ओहायोच्या रस्त्याला लागली.

घरी आलो. ओसरीवरचं भोक उघडंच आहे. मी पुन्हा खुंटी ठोकली नाही.